मोत्याच्या शोधातले नवशिके

पुसत पुसत माणूस काशीला जातो, असे आपल्याकडे म्हणतात. पण पुसायचे कसे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. शाळेत आपण उत्तरे पाठ केली. प्रश्न विचारण्याचे काम मास्तरांचे नाहीतर परीक्षकांचे. त्यामुळे पुढे आयुष्यात खरोखरीच अडते तेव्हा आपली जीभ लुळी पडते. घडघडून बोलणारा माणूससुद्धा डॉक्टरपुढे बसला की "बरं वाटत नाही" एवढेच सांगतो, आणि बाकीचे त्या बिचाऱ्या डॉक्टरने नाडीवरून ओळखावे अशी अपेक्षा करतो!

हे आठवायचे कारण म्हणजे माझा पुतण्या. गोष्ट २००३ सालच्या दिवाळीची. स्वारी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आणि पुण्याच्या एका कंपनीत नुकतीच संगणकाच्या कामाला लागलेली. पाडव्याच्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. पुढ्यात चकल्यांची बशी होती; पण एरवी ती निम्मी करून मगच बोलायला लागणारा हा मुलगा तिला हात लावीना. खोदून विचारल्यावर म्हणाला,

"काका, मी राजीनामा देतोय. माझं डोकंच नाही या कामाचं."

हकीकत अशी, की त्याला 'पर्ल' नावाच्या संगणकी भाषेत एक लहानसे काम सांगितले होते. ग्राहकांच्या नावांच्या दोन याद्या. दोहोंत सारखी असलेली नावे तेवढी निवडून काढायची. याने पुस्तक पुढ्यात घेऊन प्रोग्राम लिहिला. तो धावला. पण पाहतो तो काय, प्रत्येक नाव दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नावाशी जुळलेले! जोशी म्हणजेच पाटील आणि पाटील म्हणजेच फर्नांडिस! तीन दिवस डोके आपटून झाल्यावर त्याने जगभरचे जाणते लोक जिथे शंका निरसतात तिथे एक ओळ लिहून टाकली : "माझा पर्लचा प्रोग्राम चालत नाही. फार तातडी आहे. कृपया मदत करा." दुसऱ्या दिवशी कुठल्याशा दूरदेशीच्या गृहस्थाचे उत्तर आले. तेही एकच ओळ : "चालत नाही म्हणजे काय होते?"

"साऱ्या जगापुढे पाणउतारा केला माझा," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मी हायस्कुलात गणित शिकवून केस पांढरे केलेले. पर्लचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकत होतो. पण तो प्रश्न मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दर वर्षी वर्गात एक तरी मुलगा उभा राहून "सर, गणित सुटत नाही" म्हणे, आणि मी विचारी, "कुठल्या पायरीशी अडलास?" त्यात कसला आला अपमान? मी पुतण्याला म्हटले, "अरे, त्याने विचारले ते खोटे का? तू मला आत्ता जेवढे सांगितलेस तेवढे तरी त्याला सांगितले होतेस का?"

तो गप्प झाला. मग हळूच त्याने एक चकली उचलली.

त्या रात्रीचे पुढे सांगतोच. पण त्याआधी ही भाषा म्हणजे काय प्रकरण आहे, ते वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे.

भाषापंडिताने घडवलेली भाषा

पर्लचा जनक लॅरी वॉल हा अमेरिकन गृहस्थ. याचा मूळचा ओढा यंत्रांपेक्षा माणसांच्या भाषांकडे. त्याने व त्याच्या पत्नीने भाषाशास्त्राचा अभ्यास केला तो, ज्या भाषेला अजून लिपी नाही अशी एखादी बोली शोधावी व तिला लिपी द्यावी, या हेतूने. प्रकृतीच्या अडचणीमुळे तो बेत राहिला आणि वॉलसाहेब संगणकाच्या धंद्यात शिरले. तिथे त्यांच्यापुढे काम आले ते निराळेच. ढिगाऱ्यांनी पडलेल्या मजकुरातून हवे ते वेचून काढायचे आणि त्याचे नेटके अहवाल तयार करायचे. त्या काळी हाताशी असलेली अवजारे त्यांना अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी सरळ नवी भाषाच रचली. १९८७ च्या डिसेंबरात ती त्यांनी जगाला फुकट देऊन टाकली.

नाव ठेवायचे होते 'पर्ल', म्हणजे मोती. बायबलात एका अमोल मोत्याचा दृष्टांत आहे, त्यावरून ते सुचले. पण त्याच उच्चाराची एक भाषा आधीच अस्तित्वात असल्याचे कळले, म्हणून इंग्रजी स्पेलिंगातले एक अक्षर गाळले. तेव्हापासून हा मोती एका अक्षराने उणा आहे! १९९१ साली या भाषेवरचा मुख्य ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर उंटाचे चित्र होते, आणि तेव्हापासून उंट हेच पर्लचे वाहन होऊन बसले. उंट दिसायला काही हरणासारखा देखणा नाही; पण वाळवंट पार करून देतो. पर्लचेही तसेच. १९९४ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली. तीच आजवर सुधारणा होत होत चालू आहे. १९९५ साली 'सीपॅन' नावाचे भांडार उघडले. ज्याने जे उपयोगी अवजार घडवले ते त्याने तिथे आणून ठेवावे आणि ज्याला हवे त्याने ते फुकट न्यावे, असा तिथला रिवाज.

वर्ल्ड वाइड वेबचा बोलबाला सुरू झाला त्या दिवसांत पर्लला तेजीचे दिवस आले. माणसाच्या आनुवंशिक द्रव्याचा नकाशा काढण्याच्या प्रचंड प्रकल्पातही निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या माहितीचा मेळ घालायला हीच भाषा कामी आली. लिंकन स्टीन या शास्त्रज्ञाने १९९६ साली लेख लिहून त्याचे श्रेय तिला दिले. आज पर्लची ती चलती उरलेली नाही. नवी पिढी दुसऱ्या भाषांकडे वळली आहे. पण जुन्या वाड्याच्या तुळया जशा नव्या रंगामागे उभ्या असतात, तसे पर्लमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम अजून मुकाट्याने भार वाहत आहेत. आणि म्हणूनच आजचा नवशिका बहुधा हौशी नसतो, वारसदार असतो. ज्याने प्रोग्राम लिहिला तो दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, कचेरीत विचारायला कोणी उरला नाही, आणि एके दिवशी साहेबाने ते बाड याच्या टेबलावर आणून टाकले. अशा माणसाने विचारायचे तरी कोणाला?

एकवचन, अनेकवचन आणि तळमजला

भाषापंडिताने घडवलेली भाषा, म्हणून पर्लमध्ये व्याकरणही माणसाच्या भाषेसारखे. एक वस्तू असेल तर तिच्या नावामागे $ हे डॉलरचे चिन्ह. वस्तूंची रांग असेल तर @ हे चिन्ह. आणि नावासमोर किंमत अशी वाण्याच्या खातेवहीसारखी मांडणी असेल तर % हे टक्क्याचे चिन्ह. इथवर ठीक. पण रांगेतली एकच वस्तू उचलायची झाली की @ जाऊन पुन्हा $ येतो, कारण आता आपण एकवचनात बोलत आहोत. 'आंबे' म्हणजे पेटी, पण त्यातला एक काढला की तो 'आंबा', हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. नवशिका मात्र इथे हटकून ठेचकाळतो. शिवाय मोजणी शून्यापासून. पहिली वस्तू शून्य क्रमांकाची, दुसरी एक क्रमांकाची. यात मात्र मुंबईकरांना नवल वाटू नये. आपल्या चाळीत तळमजला असतोच की, आणि 'पहिला मजला' म्हणून जो म्हणतात तो खरे पाहता दुसरा असतो!

दुसरी ठेच अदृश्य असते. आपण पडद्यावर नाव टंकले आणि ओळ संपवण्याची कळ दाबली, की नावाबरोबर ती 'ओळ संपली' ही खूणसुद्धा आत जाते. भाताचे शीत बोटाला चिकटावे तशी ती नावाला चिकटून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. मग 'सुमती' आणि 'सुमती' जुळत का नाहीत म्हणून नवशिका रात्र जागवतो. हे शीत पुसून काढणारा शब्द आहे 'चॉम्प'. तो ठाऊक असलेल्याला दोन सेकंदांचे काम, नसलेल्याला दोन दिवसांचे.

तिसरी ठेच स्वभावातली. पर्ल ही मोठी लाघवी आहे. तुम्ही काहीही बोला, ती आपल्या परीने अर्थ लावून घेते आणि पुढे चालू लागते. तुम्ही वहीत एका पानावर 'कुलकर्णी' लिहिले आणि दुसऱ्या पानावर चुकून 'कुळकर्णी' लिहिले, तर भिडस्त कारकून काही न बोलता दोन खाती उघडतो, आणि वर्षअखेर हिशेब जुळत नाही. पर्लही तेच करते. म्हणून जाणते लोक नवशिक्याला पहिला मंत्र देतात तो 'यूज स्ट्रिक्ट' आणि 'यूज वॉर्निंग्ज' या दोन ओळींचा. या ओळी प्रोग्रामच्या माथ्यावर लिहिल्या की भिडस्त कारकुनाच्या जागी खडूस हेडक्लार्क येऊन बसतो. "हा कुळकर्णी कोण? याचे नाव आधी नोंदवलेले नाही," म्हणून तो कागद परत करतो. नवशिक्याला वाटते, हा छळ आहे. पण हा छळ म्हणजेच शिकवणी.

आता माझ्या पुतण्याची जागा सांगतो. त्याने दोन नावे सारखी आहेत का, हे पाहायला == असे बरोबरीचे दुहेरी चिन्ह वापरले होते. पर्लमध्ये ते आकड्यांसाठी आहे. शब्दांसाठी 'ईक्यू' हा निराळा शब्द. आकड्यांच्या चिन्हापुढे 'जोशी' आणि 'पाटील' उभे केले की पर्ल त्यांची आकड्यांत किंमत करते. जोशींची किंमत शून्य, पाटलांचीही शून्य! शून्य बरोबर शून्य, म्हणून दोघे सारखे. याने 'यूज वॉर्निंग्ज' लिहिले असते, तर "अहो, हा आकडा नव्हे" असे पर्लने पहिल्याच दिवशी बजावले असते.

आणि हे उत्तर त्याला मिळाले कसे? तीच तर खरी मौज.

दहा ओळींची किमया

त्या पाडव्याच्या रात्री मी त्याला सांगितले, "आपण त्या गृहस्थाला रीतसर लिहू. पण तुझा अडीचशे ओळींचा प्रोग्राम तो कशाला वाचील? अडचण जेवढ्यात दिसते तेवढेच ठेव." बैठकीत समई तेवत होती आणि बाहेर मुले भुईनळे लावीत होती. पुतण्या एकेक ओळ गाळीत बसला. याद्या गेल्या, अहवाल गेला, फायली उघडणे गेले. शेवटी दहा ओळी उरल्या : दोन नावे, एक तुलना आणि एक उत्तर. त्या त्याने चालवून पाहिल्या. उत्तर आले, दोन्ही नावे सारखी. तो त्या ओळींकडे बघत राहिला. मग नावांच्या जागी त्याने पाच आणि सात हे आकडे घातले. आता मात्र उत्तर बरोबर आले, सारखे नाहीत. पुस्तक उघडून त्याने तुलनेच्या चिन्हांचे पान काढले आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

प्रश्न विचारायची वेळच आली नाही! नीट विचारायला बसल्यावरच तो सुटला. मी पुढे अनेकांकडून ऐकले, की हा योगायोग नव्हे. प्रश्न परक्या माणसाला कळेल अशा रीतीने मांडायचा, तर आधी तो स्वतःला कळावा लागतो. आणि कळला की पुष्कळ वेळा उत्तर त्याच्या पोटातच असते. गणिताच्या वर्गातही फळ्यापाशी येऊन "सर, इथे असं..." म्हणता म्हणता थांबणारी आणि "कळलं, सर!" म्हणून जागेवर पळणारी मुले मी थोडी का पाहिली!

तरीही पुतण्याने त्या गृहस्थाला लिहिलेच. चूक काय होती, ती कशी सापडली, आणि तुमच्या प्रश्नामुळेच सापडली, एवढे तीन ओळींत. उत्तर आले : "छान. आता 'स्ट्रिक्ट' आणि 'वॉर्निंग्ज' लावा." राजीनाम्याचा कागद कुठे गेला, ते मी विचारले नाही.

विचारावे कसे?

एवढ्या वर्षांत त्याच्याकडून आणि पुढे स्वतःच्या अनुभवावरून जे उमगले, ते इथे देतो. पर्लपुरतेच ते नाही. नळदुरुस्तीवाल्यापासून वकिलापर्यंत कोणाहीपुढे हेच लागू पडते.

पाच गोष्टी सांगाव्यात. मला काय साधायचे होते? त्यासाठी मी काय लिहिले? त्यात कोणती माहिती घातली? प्रत्यक्षात काय झाले? आणि काय व्हायला हवे होते? यातली एक जरी गाळली तरी उत्तर देणाऱ्याला अंदाजाने गोळी मारावी लागते.

यंत्राने जी तक्रार केली असेल ती जशीच्या तशी उतरून द्यावी. नवशिका ती वाचतच नाही. तांबडी अक्षरे पाहिली की डोळे मिटून घेतो. वास्तविक तीत बहुधा ओळीचा क्रमांकसुद्धा असतो. चूक त्या ओळीवर नसेल तर तिच्या थोडी वरच्या अंगाला सापडते. प्रोग्रामही आठवणीतून पुन्हा टंकू नये. टंकताना जुनी चूक नकळत सुधारते, नाहीतर नवी होते, आणि परका माणूस नसलेल्या सापामागे भुई धोपटीत बसतो.

"पर्लमध्येच काहीतरी दोष आहे" असे म्हणण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या भाषेत दोष असण्यापेक्षा आपल्या दहा ओळींत असण्याचा संभव अधिक. नाचता येईना, अंगण वाकडे!

"तातडी आहे" असे लिहू नये. तातडी आपल्याला असते. समोरचा माणूस आपला वेळ फुकट देत असतो. घरचा अभ्यास दुसऱ्याकडून करून घेऊ नये. तो लगेच ओळखू येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : आपण काढलेल्या वाटेविषयी विचारू नये, जायच्या गावाविषयी विचारावे. याचा एक मासला सांगतो. पर्लचा नवशिका पुष्कळदा विचारतो, "यादीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाचे एकेक स्वतंत्र चलपद मला प्रोग्राम चालू असताना निर्माण कसे करता येईल?" याला उत्तर आहे, आणि ते दिले तर नवशिका खुशीने निघून जातो व महिन्याभराने खड्ड्यात पडतो. जाणता माणूस उलट विचारतो, "पण तुम्हाला करायचे काय आहे?" तेव्हा कळते, की प्रत्येकाच्या नावापुढे त्याची बाकी लिहायची आहे, बस्स! त्यासाठी % चिन्हाची खातेवही हजर आहे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निराळी वही शिवायची गरजच नाही. एका वहीत नावाप्रमाणे पाने असली की झाले. नवशिक्याला खातेवही असते हेच ठाऊक नव्हते, म्हणून तो शिवणकामाचा दोरा मागत होता.

जाणत्यांचेही चुकते

आता नाण्याची दुसरी बाजू. हे सारे नियम नवशिक्याने पाळावेत असे म्हणणे सोपे. पण नियम ठाऊक असते तर तो नवशिका कशाला राहिला असता? एके काळी पर्लच्या चावडीवरची जुनी मंडळी त्यांच्या तिखट जिभेबद्दल प्रसिद्ध होती. कोणी बावळट प्रश्न विचारला की "आधी पोथी वाच" असे एका वाक्यात सुनावून मोकळी होत. त्यांचेही सर्वस्वी चुकत होते असे नाही. पर्लबरोबर तिची पोथी फुकट येते, 'पर्लडॉक' या नावाने. तीत नेहमीच्या शंकांची नऊ भागांची प्रश्नोत्तरीसुद्धा आहे. तेच तेच दहा प्रश्न रोज दहा जणांनी विचारले, तर संतालाही राग येईल. पण पोथीतले नेमके कोणते पान उघडायचे हे कळण्यासाठीही थोडे ज्ञान लागतेच. "वाच" म्हणण्याऐवजी "अमुक पान वाच" म्हटले, तर बोलणाऱ्याचे चार शब्द जास्त जातात आणि ऐकणाऱ्याचा जीव वाचतो.

तिखटपणाने काय होते याचा एक धडा पर्लच्या इतिहासातच आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत कोलोराडोतल्या एका शाळकरी मुलाने पर्लमध्ये काही प्रोग्राम लिहून सर्वांना फुकट दिले. संकेतस्थळावर पाहुण्यांचा अभिप्राय नोंदवणारी वही, भरलेला फॉर्म टपालाने पाठवणारी युक्ती, असल्या लोकांना हव्या असलेल्या वस्तू. त्या उतरवून घ्यायला सोप्या होत्या, म्हणून जगभरच्या नवशिक्यांनी त्या उचलल्या. त्यांत उणिवा होत्या, लबाडांना शिरायला फटी होत्या. पंडित मंडळी वर्षानुवर्षे त्यांना नावे ठेवीत राहिली. पण नावे ठेवल्याने लोकांनी त्या वापरणे काही सोडले नाही. शेवटी लंडनच्या पर्लप्रेमींनी शहाणपणाचा मार्ग धरला. त्यांनी तेच काम करणारे, वापरायला तितकेच सोपे, पण पक्के प्रोग्राम लिहून दिले. आणि गंमत म्हणजे त्या मूळच्या लेखकानेच आपल्या वाचकांना, "माझ्यापेक्षा हे घ्या," असे सांगितले! टीका करून जे झाले नाही, ते हाताने करून दाखवल्यावर झाले.

पुण्याची अक्षरे किती?

आता माझी स्वतःची फजिती. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करण्याचे काम मी अंगावर घेतले. पुतण्याच्या आग्रहाने थोडी पर्ल शिकलो. नावे, लेखक आणि प्रकाशनाचे गाव असे तीन रकाने पाडायचे होते. शब्दाची लांबी मोजायची आणि उरलेल्या जागा कोऱ्या सोडायच्या, एवढा साधा हिशेब. पण रकाने असे वाकडेतिकडे आले, की जत्रेतली गर्दी परवडली! शेवटी मी पर्ललाच विचारले, 'पुणे' या शब्दाची लांबी किती? उत्तर आले, १२!

मी चाट पडलो. चाळीस वर्षे गणित शिकवले; पुण्याची अक्षरे बारा कशी होतील?

आता प्रश्न विचारायची पाळी माझ्यावर आली. अडसष्टाव्या वर्षी परक्या पोरांपुढे आपले अज्ञान उघडे करायचे म्हणजे काय असते, ते मला त्या दिवशी समजले. पत्र तीनदा लिहिले आणि तीनदा पुसले. कोणी हसेल का? "आधी पोथी वाच" म्हणेल का? पुतण्याचे भरून आलेले डोळे तेव्हा आठवले आणि आपण त्याला किती सहज "त्यात कसला अपमान" म्हणालो, याची लाज वाटली. शेवटी धीर करून पाच ओळींचा प्रोग्राम, मिळालेले उत्तर आणि हवे असलेले उत्तर, असे सगळे शिस्तीत लिहून पाठवले.

ज्याने उत्तर दिले त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, हे त्याने आधीच कबूल केले. पण त्याला गोम ठाऊक होती. संगणकाच्या पोटात आपली लिपी ज्या पद्धतीने साठवतात तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे घेते. 'पुणे' यात चिन्हे चार : प, उकार, ण आणि एक मात्रा. चार त्रिक बारा! पर्ल बिचारी घरे मोजत होती. 'यूज यूटीएफ एट' ही ओळ माथ्यावर लिहून प्रोग्राममधला मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हे सांगितले, की ती चिन्हे मोजू लागते आणि उत्तर ४ येते. पण आपल्या डोळ्यांना अक्षरे दिसतात दोनच, पु आणि णे. तेवढीच मोजायची असतील तर त्यासाठीही पर्लमध्ये एक निराळी खूण आहे. ती वापरली आणि उत्तर आले २. माझ्या हिशेबाचा घोळ सुटला आणि रकाने बरेचसे ओळीत आले.

जाता जाता त्या गृहस्थाने लिहिले होते, की तुमच्या लिपीतला हा प्रकार मला ठाऊक नव्हता; चिन्हे चार पण अक्षरे दोन कशी, ते समजावून सांगाल का? मी त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांवर दोन पाने लिहून पाठवली. विद्यार्थी कोण आणि मास्तर कोण, याचा त्या दिवशी मला उलगडा होईना.

प्रश्न अजून बाकी आहेत

२०२२ च्या अखेरीपासून बोलकी यंत्रे घरोघर आली आहेत. प्रश्न टाकावा आणि क्षणात पानभर उत्तर घ्यावे. नवशिक्यांचा ओघ साहजिकच तिकडे वळला. यंत्र चिडत नाही, हिणवत नाही, रात्री दोन वाजता जागे असते. हे सगळे खरे. पण "चालत नाही" एवढेच सांगितले तर तेही अंधारात तीर मारते. फरक एवढाच, की ते मोठ्या ऐटीत मारते. चुकीचे उत्तरही ते खऱ्या उत्तराच्याच सुरात देते. त्यातले खरे कोणते, हे दहा ओळी चालवून पाहणाऱ्यालाच कळणार. म्हणजे अडचण छाटून लहान करण्याची विद्या तिथेही सुटली नाही. आणि "मला हे ठाऊक नव्हते, मलाही शिकवा" असे म्हणणारा तो दूरदेशीचा सोबती त्या यंत्रात कसा भेटणार?

पर्लच्या कर्त्याने व त्याच्या सहलेखकांनी प्रोग्राम लिहिणाऱ्याचे तीन सद्गुण सांगितले आहेत : आळस, उतावीळपणा आणि अहंकार! थट्टेत सांगितलेले हे खरेच आहे. आळशी माणूसच तेच काम पुन्हा करावे लागू नये म्हणून यंत्राला शिकवतो. माझ्यासारख्या जुन्या मास्तराला त्यात चौथा गुण जोडावासा वाटतो. तो म्हणजे "मला येत नाही" हे न लाजता सांगण्याचा.

गेल्या दिवाळीला पुतण्या पुन्हा आला होता. आता कानशिलांवर पांढरे दिसू लागले आहे आणि त्याच्या हाताखाली बरीच मंडळी आहेत. पाडव्याचाच दिवस. चकलीची बशी निम्मी करता करता त्याच्या फोनवर कोणा नव्या मुलीचा निरोप आला. जुने पर्लचे बाड तिच्या गळ्यात पडले होते. "सर, सणाच्या दिवशी त्रास देते. प्रश्न मूर्खपणाचा असेल. प्रोग्राम चालत नाही."

पुतण्याने उत्तर टंकले : "चालत नाही म्हणजे काय होते?"

क्षणभर तो त्या ओळीकडे पाहत राहिला. मग ती पुसली आणि नव्याने लिहिले, "प्रश्न मूर्खपणाचा नाही. तुम्ही काय केलेत आणि पडद्यावर काय दिसले, तेवढे सांगा. मीही एका दिवाळीत इथेच अडलो होतो."

प्रश्न तोच होता. मी काही बोललो नाही. चकलीची बशी तेवढी त्याच्याकडे सरकवली.